भाऊ व्हीलचेअरवर, जुगार मोबाईलवर. एटीएम कार्ड काढून घेऊ का?

वडगावकर (धागाकर्ता)
रविवार, २ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षं नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. २०१९ मध्ये बेळगावात पी.बी. रोडवर अपघात झाला, मणक्याला मार बसला, कमरेखाली जाणीव नाही. सर्टिफिकेट ८० टक्क्यांचं. आमचे घरचे चार यंत्रमाग. पूर्वी मागाचं, सुताचं, वसुलीचं सगळं तोच बघायचा. आता खालच्या खोलीत असतो. पेन्शन महिन्याला १४०० रुपये. अपघाताचे पैसे ट्रिब्युनलकडून मिळाले, त्यातले काही एफडीत, बाकी त्याच्या खात्यावर.

रमीचं ॲप दोन वर्षं चालू होतं. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, वेळ जातो बिचाऱ्याचा. ऑगस्टमध्ये दिल्लीत कायदा झाला, ॲपमधले पैशांचे डाव बंद झाले. आईने मारुतीला नारळ फोडला. पंधरा दिवस गेले नाहीत तोवर कुणीतरी टेलिग्रामवर लिंक पाठवली आणि स्वारी ओसीवर आली. परवा पासबुक भरून आणलं. वर्षभरात २ लाख ४० हजार गेलेत. विचारलं तर म्हणाला, "माझ्या पायांचे पैसे आहेत, तुझे नाहीत."

काल मी सीमाप्रश्नाच्या सायकल फेरीला गेलो होतो. अपघाताच्या आधी तो पुढच्या दहा सायकलींत असायचा. घरी आलो तर दिवा न लावता मोबाईल बघत बसला होता. फेरीला गर्दी किती होती हे सुद्धा विचारलं नाही.

कार्ड आणि सिम दोन्ही काढून घ्यावं असं माझ्या मनात आहे. बायको म्हणते घ्या. आई म्हणते नको, त्याच्याकडे दुसरं आहे काय. कुणाच्या घरात असं झालंय का? काय केलंत?

निपाणीकर_पाटील
रात्री ११.२४

कार्ड घे, सिम घे, विषय संपला. माकडाच्या हातात कोलीत दिलं की घर पेटणारच. समजावून सुधारलेला जुगारी मी तरी बघितला नाही, आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीवर चाळीस वर्षं काढलीत.

कुंदा_स्पेशल
रात्री ११.३१

चाळीस वर्षं तंबाखू विकून व्यसनावर सल्ला. काय बोलूलासा पाटील.

निपाणीकर_पाटील
रात्री ११.३३

विकली. खाल्ली नाही.

पांढरी_काठी
सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

(मी पूर्ण अंध आहे, बोलून लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

पाटीलकाका, माकड म्हणालात ते सोडून देतो. पण तुमचा धडधाकट पुतण्या क्रिकेटवर पैसे लावतो तेव्हा त्याचं कार्ड काढून घ्यायला घरातलं कोण उठतं? त्याला नुसता "नाद लागला" म्हणतात. आम्हाला लागला की "त्याला काही कळत नाही" म्हणतात.

रमी बंद झाल्यावर भाऊ आकड्यावर गेला याचं मला नवल वाटलं नाही. आमच्यासारख्यांना सगळ्यात सोयीचा जुगार तोच. रमीच्या ॲपवर माझा स्क्रीन रीडर पत्ते वाचतच नाही, "बटण, बटण, बटण" म्हणत सुटतो. आकड्याला डोळे लागत नाहीत आणि पाय लागत नाहीत. कानाने ऐकायचं, तोंडाने सांगायचं. बँकेचं ॲप दर अपडेटला कुठेतरी मोडतं, तक्रार केली की शाखेत या म्हणतात. आकडेवाला मात्र व्हॉइस मेसेजवर आकडा घेतो, व्हॉइस मेसेजवर निकाल सांगतो, वर "दादा, चहा झाला का" विचारतो. एवढी सोय आमच्यासाठी कुठल्या सरकारी खात्याने केलेली मला आठवत नाही.

मी चौदा महिने खेळलोय. किती गेले ते लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

कुंदा_स्पेशल
सकाळी ७.१५

तसं बघितलं तर पहिला मोठा डाव आंधळ्या राजाच्या वाड्यातच झाला होता म्हणा.

पांढरी_काठी
सकाळी ७.२२

धृतराष्ट्र खेळला नव्हता, त्याने जागा दिली होती. त्याला अड्डा चालवणाऱ्यांत धरा. हरले ते पाचही डोळस.

कुंदा_स्पेशल
सकाळी ७.२३

दंडवत.

पुण्याहून_बघतोय
सकाळी ९.०५

माझा अज्ञानी प्रश्न. ओसी म्हणजे काय? आमच्याकडे बिल्डर देत नाही तो कागद म्हणजे ओसी.

अण्णा_मास्तर
सकाळी ९.४०

ओपन-क्लोज. तुमचा मटका, तोच आमचा ओसी. इथल्या कन्नड आणि मराठी, दोन्ही पेपरांत पोलिसांच्या बातम्या या नावाने येतात. कर्नाटक पोलीस कायदा १९६३ चं ७८ कलम लागतं.

मूळ तुमच्या मुंबईचं हो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने यायचे, त्यावर मुंबईत पैजा लागायच्या. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. पुढे ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढायला लागले, म्हणून मटका. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये सुरू केले ते बाजार. कापूस गेला, मडकं गेलं, शब्द राहिले. गिरण्यांच्या पगाराच्या दिवसांवर तो धंदा मोठा झाला. आमच्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांत तो कसा शिरला हे सांगायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

पुण्याहून_बघतोय
सकाळी ९.५२

काढा की.

संचालक
सकाळी १०.१०

काढा, पण वेगळा. इथे विषयावर या.

तीनचाकी
दुपारी १.३०

मी लिहितो, कारण मी टपरीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस आहे.

लहानपणी पोलिओ झाला. २००४ ते २०११ एका पानटपरीवर चिठ्ठ्या लिहायचो. गावाचं नाव नको. त्याआधी नोकरीला तीन ठिकाणी जाऊन आलो होतो. एका ठिकाणी म्हणाले, तुला जिना चढता येणार नाही. ऑफिस तळमजल्यावर होतं. बुकीने काहीच विचारलं नाही. त्याचा हिशोब सरळ होता. अपंग माणसावर पोलीस हात टाकायला कचरतात, गल्ला घेऊन पळायची भीती नाही, आणि चार बायाबापड्या कीव येऊन जास्तीची चिठ्ठी लावतात. मला शेकड्याला दहा.

आता आकड्याचं गणित. एकेरी आकडा दहातला एक. लागला तर आमच्याकडे रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावलात तर दहा घालून नऊ घेऊन घरी जाल. जोडी शंभरातली एक, मिळतात नव्वद. हे मी स्वतःच्या हाताने रोज वहीत मांडायचो, आणि संध्याकाळी स्वतःच्या कमिशनमधून स्वतःच आकडा लावायचो. मी बी.कॉम. आहे. त्यामुळे "त्याला गणित समजावून सांगा" असं कुणी लिहिणार असेल तर लिहू नका.

मग का लावायचो? दिवसभरात कुणाला न विचारता केलेली ती एक गोष्ट असायची. संडासला जायचं तर भावाला हाक, बाजाराला जायचं तर वहिनीची सवड, देवळात जायचं तर चार पायऱ्या. आकडा मात्र माझा मी ठरवायचो. ओपन आणि क्लोजच्या मधल्या वेळात माझ्याकडे बघून कुणी "अरेरे" करत नव्हतं. "काय धरलंस रे?" विचारायचे. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवरून उठून माझ्या वहीवर यायचे.

वडगावकर, तुमचा भाऊ पूर्वी वसुली करायचा म्हणालात. ते काम आता कोण करतं?

आणि कार्ड काढून घेतलंत तर उद्या तो उधारीवर खेळेल. उधारी देणारे वसुलीला दारात येतात, त्यांना पाय असतात.

वडगावकर
दुपारी २.०५

वसुली आता मी करतो. हिशोबाची वही बायकोकडे असते. त्याला त्रास नको म्हणून आम्हीच काढून घेतलं होतं सगळं.

हे लिहिताना जरा थांबलो.

निपाणीकर_पाटील
दुपारी २.४०

तीनचाकी यांचं लिखाण काळजाला लागलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही सुटलात कसे ते सांगितलं नाहीत.

तीनचाकी
दुपारी ३.१५

टपरीवर धाड पडली. बुकी सुटला, मी दोन दिवस आत. कोठडीतल्या संडासला कमोड नव्हता. जास्त लिहीत नाही. बाहेर आल्यावर चुलत्याने झेरॉक्सचं मशीन घेऊन दिलं, हप्ते मीच फेडायचे या अटीवर. त्या हप्त्यांनी वाचवलं असं म्हणतात घरचे. अजून कुणी जोडीचा आकडा बोललं की कान तिकडे जातात.

खानापूरची_सून
रात्री ९.२०

सगळ्यांचं वाचलं. मान, स्वतःचा निर्णय, सगळं पटतंय. आता माझं ऐका.

नवऱ्याचा उजवा हात गुऱ्हाळात गेला. त्यानंतर मोबाईल शिकला आणि डाव्या हाताने रंगांचा खेळ खेळायला लागला, लाल का हिरवा, दर मिनिटाला एक. पहिल्याच दिवशी ३०० चे ९०० झाले, मला साडी आणली. ती साडी मी अजून नेसलेली नाही. पुढे माझ्या नावावर महिला गटातून ४० हजार उचलले, माझीच सही घेऊन. दुकान टाकतो म्हणाला होता. दर सोमवारी वसुलीवाला कट्ट्यावर येऊन बसायचा, आणि सासू मला विचारायची, आज काय सांगणार आहेस. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार यायचे ते थेट त्याच्या तोंडात जायचे.

मी कार्ड लपवलं. तांदळाच्या डब्यात. सिम मोडून चुलीत टाकलं. हो, अपमान झाला त्याचा. माझं मंगळसूत्र सोनाराकडे होतं त्या पाच महिन्यांत माझ्या मानाचा धागा कुणी काढला नव्हता.

वर्ष झालं, खेळ बंद आहे. आमचं बोलणंही जवळपास बंद आहे. मला तेवढं परवडतं.

पांढरी_काठी
रात्री ९.४४

ताई, याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी बायको शेजारी बसून हे वाचत होती. ती म्हणाली, बरोबर केलं.

कोर्टाची_पायरी
रात्री १०.३०

वकील आहे. थोडं कायद्याचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १३ वं कलम म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा इतरांइतकाच हक्क आहे. वडगावकरांच्या भावाच्या मणक्याला इजा आहे, समजुतीला नाही. कार्ड हिसकावून घेतलं आणि त्याने तक्रार केली, तर तुमची बाजू लंगडी पडेल (शब्दाबद्दल क्षमस्व, सवयीने आला). खानापूरच्या ताईंच्या जागी मी असतो तर मीही डब्यातच लपवलं असतं, तो भाग वेगळा.

अपघाताच्या रकमेचं असं आहे. १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ट्रिब्युनल बरेचदा मोठा भाग एफडीत ठेवायला लावतं आणि मुदतीआधी मोडायचं तर परवानगी मागावी लागते. कारण हेच, हातात एकदम पैसा आला की भोवती माणसं जमतात. तुमच्या निकालपत्रात तशी अट आहे का बघा. असेल तर ती एफडी हा तुमचा बंधारा आहे.

जुगाराची उधारी कोर्टातून वसूल होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ३० वं कलम. दारात कुणी आला तर त्याला हे कलम सांगून उपयोग नाही, पण कोरा चेक किंवा स्टॅम्पवर सही तरी देऊ नका. आणि ऑगस्टच्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे ऑनलाइन लिंकबद्दल सायबर पोलिसांकडे जायला भावाने घाबरू नये.

कुंदा_स्पेशल
रात्री १०.५१

वकीलसाहेब, जाहिरात करणाऱ्याला पण शिक्षा? मग निम्मी क्रिकेट टीम आणि पाऊण सिनेमा आत जायला पाहिजे.

कोर्टाची_पायरी
रात्री १०.५५

कायदा झाला त्याच्या आधीचं माफ.

शिनोळी_फाटा
मंगळवार, ४ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

आमचं प्रकरण जरा निराळं आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. घरात पत्त्यांचा जोड येऊ दिला नाही कधी, गणपतीच्या जागरणाला सुद्धा. पार्किन्सन झाला. वर्षभराने डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली, थरथर कमी झाली, बटणं स्वतः लावायला लागले, आम्ही खूश. चार-पाच महिन्यांनी गावातल्या एकाने विचारलं, सर रोज सकाळच्या गाडीने शिनोळीला कशाला जातात? कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद आहे, पण हद्द ओलांडली की महाराष्ट्राची तिकिटं मिळतात. उशीच्या अभ्र्यात तिकिटांच्या गड्ड्या सापडल्या. ज्या माणसाने आम्हाला पाच पैशांचा हिशोब लिहायला लावला त्याची पेन्शन दहा तारखेला संपत होती. थरथरत्या पायांनी गाडी धरायचे हो. आम्ही घरात भांडलो, दादा तर बाबांवर हात उगारेपर्यंत गेला. अजून त्याला त्याचं वाईट वाटतं.

आईने पुढच्या भेटीत डॉक्टरांना लाजत लाजत सांगितलं. ते चकित झाले नाहीत. खरेदी वाढली आहे का, रात्री उठून खातात का, असं विचारत गेले. गोळी हळूहळू कमी केली. दोन महिन्यांत बाबा शिनोळीचं नाव काढेनासे झाले. परवा मलाच विचारत होते, "मी खरंच जायचो का गं?" थरथर मात्र थोडी परत आली आहे.

औषधवाला
दुपारी १.४०

शिनोळी_फाटा, ती गोळी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या कुळातली असणार. मेंदूत डोपामिनची जागा घेतात. हालचाल सुधारते, पण बक्षिसाची ओढ लावणारं केंद्रही त्याच डोपामिनवर चालतं. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. या गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी कशाची तरी अनावर ओढ लागलेली होती. न घेणाऱ्यांत तेच ७ टक्के. मानसिक आजारात देतात त्या अरिपिप्राझोलबद्दलही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला. पार्किन्सन २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत येतो, त्यामुळे हे या धाग्याच्या बाहेरचं नाही.

गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, हे दहा वेळा लिहिलं असं समजा. सांगायचं डॉक्टरांना. लोक सांगत नाहीत, कारण जुगार हा त्यांना आजाराचा भाग वाटत नाही, घराण्याची बेअब्रू वाटते.

वडगावकर, भावाला काय चालू आहे?

वडगावकर
दुपारी २.२०

बॅक्लोफेन आणि प्रिगाबॅलिन.

औषधवाला
दुपारी २.३१

मग गोळीला दोष देता येणार नाही.

निपाणीकर_पाटील
दुपारी ३.००

खरं सांगू, मला वाटलं होतं सगळ्यांनाच आता गोळीचं निमित्त मिळणार. पण शिनोळीच्या मुख्याध्यापकांचं वाचून गप्प बसलो.

चिकोडीची_आई
बुधवार, ५ नोव्हेंबर, रात्री १०.०५

माझा मुलगा जन्मापासून ऐकू न येणारा. २६ वर्षांचा, वेल्डिंग करतो, कमावता आहे. त्यांचा मोबाईलवर ग्रुप असतो, सगळे खुणांच्या भाषेत व्हिडिओ टाकतात. त्यातल्या एकाने खुणांच्या भाषेत समजावून सांगितलं की या खेळात पैसे दुप्पट होतात. माझ्या मुलाने आधी स्वतःचे ३० हजार घातले, मग मित्रांचे घालायला लावले. तो माणूसही बहिराच. लोक म्हणाले, एवढा कसा विश्वास ठेवला? आपण सीमाभागातल्या माणसांनी तरी असं विचारू नये. एखाद्या ऑफिसात कुणी मराठीत बोललं की आपण त्याला लगेच घरचा समजतो की नाही? माझ्या मुलाला त्याच्या भाषेत बोलणारी माणसं आयुष्यात वीस भेटली असतील. त्यातल्या एकाने सांगितलं.

मदतीसाठी मानसिक आरोग्याचा सरकारी १४४१६ नंबर दाखवला कुणीतरी. नंबर चांगला आहे, मी स्वतःसाठी लावला, मराठीतून बोलता आलं. पण मुलाने त्या फोनवर काय बोलायचं?

कुंदा_स्पेशल
रात्री १०.३०

मराठीत लागला? मला वाटलं एक दाबा, दोन दाबा करत सगळं कन्नडच असेल.

हलशी_बॉय
रात्री १०.४१

इथे पेन्शनचा फॉर्म मराठीत मिळत नाही आणि तुम्ही जुगाराचं काय घेऊन बसलाय. आधी कागद...

संचालक
रात्री १०.४५

भाषेच्या कागदपत्रांचा धागा वेगळा आहे, तिथे ४१२ प्रतिसाद झालेत. तिकडे जाऊन ४१३ वा द्या.

पंचायतीतली_ताई
गुरुवार, ६ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मी हुक्केरी तालुक्यात पंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ती आहे, स्वतः कुबड्यांवर चालते. पेन्शन, कार्ड, सर्टिफिकेट हेच काम. काही गोष्टी डोळ्यांना दिसतात त्या लिहिते.

पेन्शन जमा झाली की त्या आठवड्यात चिठ्ठीवाला पोस्टाच्या आसपास घुटमळतो. त्याला तारीख आमच्याआधी कळते. अपंग गिऱ्हाईक त्याला आवडतं, कारण ते ठरलेलं येतं आणि तक्रारीला कुठे जात नाही.

एक मुलगा आहे, समज जरा कमी, २२ वर्षांचा. मित्र म्हणवणारे त्याला खेळायला बसवतात, तो जिंकला की पैसे त्यांचे, हरला की त्याचे. आई म्हणते, निदान त्याला मित्र तरी आहेत. मी त्या आईला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्याच्याबाबतीत मी पाटीलकाकांच्या बाजूने आहे, खातं आईच्या सहीने चालावं. वडगावकरांच्या भावाच्या बाबतीत नाही. सगळ्यांना अपंग या एका पोत्यात भरू नका.

बाकी आमच्याकडे १४०० आणि हद्दीपलीकडे कागलला निराधार योजनेत दिव्यांगांना आता २५००. पाय तेवढेच, पेन्शन अकराशेने जास्त. आमच्यातले काही जण म्हणतात, खरा जॅकपॉट म्हणजे पलीकडचं रेशन कार्ड.

कुंदा_स्पेशल
रात्री ८.५२

आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की कॅसिनो. गोव्याच्या सरकारने २०२० मध्ये स्वतःच्या लोकांना तिथे जायला बंदी घातली, आपल्याला मात्र पायघड्या. तिन्ही राज्यांचं मिळून एक पॅकेज टूर काढता येईल.

तीनचाकी
रात्री ९.१०

कॅसिनोच्या बोटीवर रॅम्प आहे म्हणे. आमच्या तालुक्याच्या कचेरीला नाही.

वडगावकर
रविवार, ९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मंगळवारपासून गप्प होतो, सगळं वाचत होतो.

कार्ड मागितलं नाही. सोमवारी रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि नुसतं विचारलं, उधारी किती आहे. तो म्हणाला, नाही. मंगळवारी पण नाही म्हणाला. बुधवारी पहाटे हाक मारली, मला वाटलं कूस बदलायची असेल. म्हणाला, ६५ हजार. गल्लीतल्याच एकाचे आहेत, त्याने एक कोरा चेक घेतलाय. कोर्टाची_पायरी, हे तुम्हाला वेगळं विचारतो.

मग तोच म्हणाला, यूपीआयची रोजची मर्यादा ५०० वर आण आणि कार्ड आईकडे दे, मी तुझ्याकडे देणार नाही. बरं म्हटलं. मोबाईल त्याच्याकडेच आहे. गुरुवारी २०० रुपये लावले, संध्याकाळी स्वतःच सांगितलं, गेले.

वसुलीची वही परत मागितली त्याने. फोनवरून तगादा मी लावतो, म्हणाला, तुला लोक गुंडाळतात. खरंय ते, दोन पार्ट्यांकडे मार्चपासून अडकलेत. मी वही दिली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

निपाणीकर_पाटील
रात्री १०.३५

जुगाऱ्याकडे वसुलीची वही? दूध राखायला मांजर बसवलंस. मी सांगून ठेवतो.

तीनचाकी
रात्री १०.४०

वही त्याच्याकडे, रोकड वहिनींकडे. पार्टीचे पैसे थेट मागाच्या खात्यावर येऊ देत. पाटलांचं अर्धं ऐका.

खानापूरची_सून
रात्री १०.५८

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तिने अजून दोन दिवस बोलू नये.

कोर्टाची_पायरी
रात्री ११.०२

चेकचं व्यक्तिगत निरोपात लिहिलंय. उद्याच बँकेत स्टॉप पेमेंट द्या, त्याच्या सहीने, तुमच्या नव्हे. आणि ६५ हजारांसाठी एफडी मोडायला धावू नका.

वडगावकर
रात्री ११.१५

अजून एक. धारवाडला डिमहान्समध्ये (मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल) मंगळवारी दाखवायला तो तयार झालाय. अट एकच, आई बरोबर नको. पण न्यायचं कसं? एसटीच्या पायऱ्या त्याला जमत नाहीत, रेल्वेत दोघांनी उचलून चढवावं लागतं, ते त्याला नको. भाड्याची गाडी जाऊन-येऊन साडेतीन हजार सांगतात.

औषधवाला
रात्री ११.२१

जुनी कागदपत्रं आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. सकाळी लवकर नंबर लावा.

पांढरी_काठी
रात्री ११.२६

मंगळवारी मी पण येतो. मला एकट्याला तिथे जायचं गेलं वर्षभर चाललंय. बायको इथे वाचतेच आहे, तिला कळलं आता.

अण्णा_मास्तर
रात्री ११.३०

मंगळवारी मला हुबळीला लग्नाच्या बोलणीला जायचंय, मारुती ओम्नी रिकामीच आहे. मागची सीट काढता येते. धारवाडला सोडतो, चारला परत घेतो. पेट्रोलचे द्यायचे नाहीत, पण वाटेत मटक्याचा इतिहास ऐकावा लागेल.

वडगावकर
रात्री ११.३४

भावाला विचारून सांगतो.

वडगावकर
रात्री ११.४१

चालेल म्हणतोय. कल्याण बाजाराचा इतिहास ऐकीन, पण आजचा ओपन विचारणार नाही, म्हणाला.

अण्णा_मास्तर
रात्री ११.४४

सकाळी साडेसहा, आरपीडी क्रॉस. खुर्ची घडी होते ना?

वडगावकर
रात्री ११.४५

होते. डावा ब्रेक जरा सैल आहे.

तीनचाकी
रात्री ११.४७

उद्या दुपारी दुकानावर घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला पण आणा.